आधी आलेले आणि मागून आलेले : महाराष्ट्रातील मुसलमान जमाती
(प्रस्तावना)

पालघर जिल्ह्यातील चिंचणी या समुद्रकाठच्या गावी जे ताम्रपट सापडले, त्यांपैकी शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या, एका संस्कृत ताम्रपटाचा परिचय करून दिल्यावाचून प्रस्तुत लेखसंग्रहाच्या विषयाला हात घालणे मला प्रशस्त वाटत नाही. राष्ट्रकूट सम्राट दुसरा कृष्ण याने संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणभोवतालच्या मुलुखाचा, कारभार ज्या अधिकाऱ्याच्या हाती सोपविला होता आणि ज्याचा अधिकार पुढे तिसऱ्या इंद्राच्या अमदानीतही अबाधित राहिला, तो ताजिक, म्हणजे अरब, होता. ताम्रपट त्याचे नाव मधुमती असे देतो. ते मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असावे असे विद्वानांनी मानले आहे. या मधुमतीने लोकांसाठी विनामूल्य तरी चालविली, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नसत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेतील भगवतीच्या पूजानैवेद्याची सोय व्हावी म्हणून सम्राटाच्या अनुमतीने गाव व जमीन लावून दिली. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी १२९६ सालची. हा ताम्रपट तिच्याहून ३७० वर्षांनी जुना आहे.

एवढ्यावरून प्राचीन काळच्या सलोख्याचे गोड चित्र रंगवावे, असा माझा हेतू नाही. राष्ट्रकूटांना बंदराचा व्यवहार आणि जकातीचे मर्म जाणणारा माणूस हवा होता, अरबांना घोडे आणि माल उतरविण्यास निर्धोक किनारा हवा होता, आणि राज्यकर्त्याने आपल्या रयतेची दैवते सांभाळावी हा त्या काळचा राजधर्मच होता. या तीन गोष्टींनी त्या औदार्याची बरीचशी उपपत्ती लागते. परंतु महाराष्ट्रात मुसलमान कसे आले, या प्रश्नाला तलवार हे एकच उत्तर देणाऱ्यांनी आणि दर्गा हे एकच उत्तर देणाऱ्यांनी, अशा दोघांनीही, हा ताम्रपट एकदा वाचावा असे मात्र वाटते, कारण त्यात तलवारही नाही आणि दर्गाही नाही. त्यात आहे ती जलमार्गाने येऊन नोकरीस लागलेली आणि नोकरीच्या ओघात येथलीच होऊन गेलेली एक व्यक्ती.

याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी सैमूर, म्हणजे आपले चौल, येथे आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा नाना ठिकाणांहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याला तेथे आढळले, आणि त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाच्या संमतीने त्यांचे तंटेबखेडे तोडीत असे, अशी त्याची नोंद आहे. माझ्या दृष्टीने या वृत्तांतातील महत्त्वाचा तपशील निराळाच आहे. या दहा हजारांत बयासिरा नावाचा एक वर्ग होता, आणि मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेल्यांना ते नाव होते, असे मसूदी सांगतो. म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभीच, ज्या काळी मराठी भाषेचे शिलालेखही बाल्यावस्थेत होते त्या काळी, चौलच्या पेठेत गलबतावरून नुकता उतरलेला मुसलमान आणि येथे जन्मलेला मुसलमान यांत भेद केला जात होता. पुढील हजार वर्षांत नावे बदलली, बंदरे बदलली, राजवटी बदलल्या; पण आधी आलेले आणि मागून आलेले यांच्यामधील ही रेषा पुनःपुन्हा उमटत राहिली. या संग्रहातील लेख वाचताना ती रेषा दृष्टीआड होऊ देऊ नये, एवढेच सांगण्यासाठी ही प्रस्तावना मी लिहीत आहे.

या किनाऱ्यावर ज्यांची वस्ती सर्वांत जुनी, ते कोकणी मुसलमान. नवायत, जमाती, कोकणी अशा निरनिराळ्या नावांनी दफ्तरांत आणि लोकव्यवहारात त्यांचा निर्देश होत आला आहे. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान बहुतांशी हनफी पंथाचा अवलंब करतात. कोकणी मुसलमान मात्र येमेन, हद्रमौत, मलबार आणि थेट जावा-सुमात्रा येथील मुसलमानांप्रमाणे शाफई मताचे आहेत. जो धर्म समुद्रमार्गे आला त्याची न्यायपरंपरा समुद्राकाठची राहिली, आणि जो खैबरखिंडीतून आला त्याची मध्य आशियातील राहिली. वाचकाला ही पंडितांची बारीकसारीक चर्चा वाटेल. परंतु ती स्वयंपाकघरापर्यंत पोचते. शाफई मताप्रमाणे समुद्रातील बहुतेक सारे जीव भक्ष्य ठरतात; हनफींना मासळीखेरीज अन्य जलचर वर्ज्य, आणि कोलंबी ही मासळीत मोडते की नाही, यावर त्यांच्या शास्त्र्यांत एकमत नाही. ज्या किनाऱ्यावर कालवे आणि कोलंबी हे गरिबाचे कालवण, तेथे कोणता पंथ रुजावा हे जणू ओहोटीनेच ठरविले, असे कोणी थट्टेने म्हटले तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. तीच गोष्ट नमाजाची. तिसऱ्या प्रहरीच्या असरच्या नमाजाची वेळ वस्तूची छाया वस्तूएवढी झाली की झाली, असे शाफई मानतात. ती दुप्पट व्हावी लागते, असे हनफी मानतात. त्यामुळे जेथे कोकणी मशीद आणि उत्तरेकडील लोकांची मशीद एकाच मोहल्ल्यात आहेत, तेथे असरची एक अजान होऊन बराच वेळ लोटल्यावर दुसरी कानी पडते.

या समाजाने महाराष्ट्राला दिलेले सर्वांत थोर नाव माहीमच्या मखदूम अली यांचे. इसवी सन १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. त्यांनी अरबी भाषेत कुराणावर भाष्य लिहिले, आणि असे भाष्य लिहिणाऱ्या हिंदुस्थानातील आद्य पंडितांत त्यांची गणना होते. आज माहीमच्या उरुसात पहिला संदल मुंबईच्या पोलिसांचा असतो. गणवेशातील अंमलदार डोक्यावर संदलाचे तबक घेऊन बँडच्या गजरात माहीमच्या रस्त्याने दर्ग्याकडे चालू लागतात, तेव्हा तो सोहळा पाहणाऱ्या गर्दीत किती जमाती मिसळलेल्या असतात याची गणती होणे नाही. गर्दीतील फारच थोड्यांना या पिराचे भाष्य ठाऊक असते. लोकांना पीर हवा असतो; त्याचा ग्रंथ पंडितांपुरता उरतो.

कोकणी मुसलमानांची आडनावे वाचावी : परकार, दळवी, सुर्वे, मुकादम, खतीब, नाखवा, आणि मग गावांवरून पडलेली दाभोळकर, चिपळूणकर, तुंगेकर अशी असंख्य. त्यांच्या घरातील बोली ही मराठीची एक किनारी बोली आहे, लग्नघरी बायका जी गाणी म्हणतात ती त्याच बोलीत. आणि तरीही बहुतेक घरांत एखादी कुळकथा जपून ठेवलेली असते, जिच्यात मूळ पुरुष अरबस्तानातील एखाद्या जुलमी सुभेदाराच्या जाचाने देशोधडीस लागून तारवात बसतो आणि कोकणच्या एखाद्या खाडीत उतरतो. अशा कथांना हसू नये. त्यांत तथ्यांश आहेच. मसूदीची साक्ष आपण पाहिली. परंतु त्या तारवांत बायका किती होत्या, हा प्रश्न या कथा कधी विचारीत नाहीत, आणि तो विचारला की कथेतील अर्धा वंश आपोआप कोकणच्या मातीत येऊन ठरतो. बाहेरून आल्याचे सांगणे ही मुसलमानांचीच खोड आहे असेही नव्हे. चितोड-उदेपूरपर्यंत वंशावळ नेऊन भिडविण्याची हौस आपल्याकडील कोणत्या घराण्यांना नव्हती?

ही कुळकथेतील स्थलांतरे एकीकडे, आणि प्रत्यक्षात घडलेली, ज्यांचे कागद आणि माणसे उपलब्ध आहेत अशी स्थलांतरे दुसरीकडे. पहिल्यांत माणूस कोकणात येतो. दुसऱ्यांत तो कोकणातून बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या तेव्हा इंग्रज कंपन्यांनी डेकवरच्या कामासाठी याच किनाऱ्यावरील खलाशी घेतले. सारंग आणि तांडेल हे हुद्दे रत्नागिरी-कुलाब्याच्या घराघरांत परिचयाचे झाले. कोणी मोम्बासा-झांजिबारला उतरले, कोणी केप टाउनला. केप टाउनमधील भारतीय मुसलमानांत कोकण्यांचे प्रमाण आजही ठळक आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या १९१३ सालच्या कायद्याने नव्या भारतीयांना ते दार जवळजवळ बंद झाल्यावरही, आधी गेलेल्यांनी आपापल्या गावांशी असलेला विवाहसंबंध आणि पैशाचा ओघ दीर्घकाळ चालू ठेवला. पुढे १९७३ नंतर आखातातील तेलाचे भाव चढले आणि कुवेत, दुबई, सौदी अरबस्तान यांनी कोकणातील तरुण पिढीच्या पिढी ओढून नेली. म्हसळे, श्रीवर्धन, खेड, चिपळूण या बाजूंच्या गावांत आज जे दुमजली बंगले दिसतात, दारांना कुलपे आणि अंगणात वाळलेल्या झावळ्या, ते त्या ओघाचे अवशेष होत. या पैशाबरोबर आखाती धर्माचारही आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही स्थानिक चालीरीतींवर प्रश्नचिन्ह उमटले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी आपल्या समाजाकडे किती कठोर जिव्हाळ्याने पाहिले, ते ‘इंधन’ या कादंबरीच्या वाचकांस ठाऊक आहे. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली, आणि १९७७ साली ते गेले, तेव्हा आखातातील पैशाचे पर्व नुकते कोठे सुरू होत होते.

घाटावरची कथा निराळी. ती सेनामार्गाची कथा असल्याने आपल्या इतिहासग्रंथांत तिचे विस्ताराने वर्णन झालेले आहे, म्हणून येथे मी ती आवरती घेतो. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली आणि दिल्लीचे अमीर-उमराव, मौलवी, सूफी यांना दक्षिणेची वाट धरावी लागली. सुलतान परत गेला, पण आलेल्यांपैकी पुष्कळजण राहिले, आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या समाधीमुळे खुलदाबाद हे दख्खनचे तीर्थक्षेत्र झाले. दोनच दशकांत, १३४७ मध्ये, बहमनी राज्य उभे राहिले. या राज्यात काही पिढ्यांनंतर काय झाले? जे दिल्लीहून आले होते त्यांच्या वंशजांनी स्वतःस दखनी म्हणवून घेतले, आणि इराण, तुर्कस्तान, अरबस्तान येथून जहाजाने नव्याने येणाऱ्यांना ते आफाकी, म्हणजे परके, म्हणू लागले. या दोन पक्षांच्या वैराने बहमनी दरबार पोखरला. महमूद गवानसारखा कर्तबगार वजीर १४८१ मध्ये त्याच वैरापायी मारला गेला. आफाकी पुष्कळसे शिया, दखनी बहुधा सुन्नी. परंतु भांडणाचे मूळ पंथात शोधण्यापेक्षा मनसबीत आणि जहागिरीत शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते. हबशी दखनी पक्षात राहिले, याचेही कारण तेच असावे. त्यांतलाच मलिक अंबर. इथिओपियात जन्मून, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला जाऊन, अहमदनगरच्या एका वजिराच्या घरी आलेल्या या माणसाने निजामशाही मोगलांपासून पंचवीस वर्षे तगवून धरली, जमीनमोजणीची आणि वसुलाची शिस्त घातली, खडकी वसविली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले. जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य तर १९४८ पर्यंत टिकले.

सेनामार्गाने आलेल्यांतील एक जमात मात्र इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटते : मराठवाड्यातील चाऊस. हद्रमौतमधील हे अरब निजामाच्या बेकवायती फौजेत चाकरीस राहिले, आणि परभणी, नांदेड, औरंगाबाद या भागांत स्थिरावले. मराठे सरदारांकडेही अरबांची शिबंदी असे. मालेगावच्या भुईकोट किल्ल्यात १८१८ च्या मे-जून महिन्यांत इंग्रजांस नेटाने झुंजविले ते अशाच अरबांनी. चाऊस हेही शाफई. म्हणजे एकाच महाराष्ट्रात दोन शाफई समाज आहेत, दोघांचाही उगम अरबी समुद्रापलीकडचा. आणि तरी एकाची बोली मराठी व चरितार्थ गलबतावर चालला, दुसऱ्याची बोली दखनी उर्दू व चरितार्थ बंदुकीवर. सह्याद्रीच्या दोन बाजूंना राहिलेल्या या दोघांत रोटी-बेटीचा म्हणावा तसा संबंध जडला नाही.

आता जे कोठूनही आले नाहीत, त्यांच्याकडे वळले पाहिजे, आणि हे सांगताना माझा स्वर थोडा चढला तर वाचकांनी क्षमा करावी. कारण संख्येने हेच अधिक असावेत आणि ग्रंथांत हेच कमी आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान आहेत, लोकसंख्येच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. त्यांत तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार, मुजावर, मुलाणी, छप्परबंद अशा धंद्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या जमाती गावोगाव विखुरलेल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपडा या पट्ट्यात, तडवी भिल्ल आहेत, ज्यांची गणना आजही अनुसूचित जमातींत होते. या मंडळींचे पूर्वज तारवात बसले नाहीत, की कोणत्या सुलतानाच्या लवाजम्याबरोबर आले नाहीत. धर्मच त्यांच्या दाराशी चालत आला, आणि तोही बहुधा एखाद्या पिराच्या वा फकिराच्या निमित्ताने, सावकाशीने, दोन-तीन पिढ्यांच्या अंतराने. मुलाणी हा तर आपल्या गावगाड्यातील वतनदार; गावच्या बकऱ्यावर सुरी त्याने चालवावी, आणि सुगीला बलुत्याचा वाटा त्याने खळ्यावरून न्यावा, ही रीत पेशवाईच्या कागदपत्रांत जागोजाग आढळते. सातारा-सांगलीकडील असे एखादे घर घ्या : दारात तुळस नसेल, पण बाकी अंगण शेजाऱ्याच्या अंगणासारखेच; घरात मराठी; पिराच्या उरुसाला हिंदू पाटलाचा मान. बार्शीच्या मातीतून शाहीर अमर शेख निघाले, ते या परंपरेतून. १९९० साली सोलापुरास पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुष्कळ मराठी साहित्यिकांस आश्चर्य वाटले. वस्तुतः श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ज्या भाषेत आहे, त्या भाषेत आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबईत या साऱ्या वाटा एकत्र आल्या, आणि तिथे कच्छ-काठेवाडची वाटही त्यांना येऊन मिळाली. मेमन, खोजे आणि बोहरे या तिन्ही व्यापारी जमाती गुजराती-कच्छी बोलणाऱ्या; पण मेमन सुन्नी, खोजे आणि बोहरे शिया इस्माइली परंपरेतील, आणि तीही निरनिराळ्या शाखांची. बोहऱ्यांच्या धर्मगुरूंची गादी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येमेनमधून गुजरातेत आली; आजही त्यांची धर्मभाषा म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली, अरबी शब्दांनी भरलेली गुजराती. त्यांच्यातीलच सुलेमानी शाखेचे बद्रुद्दीन तैयबजी १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मेमन आणि खोजे हे मुख्यतः मूळचे हिंदू लोहाणे. धर्म बदलला तरी वारसाहक्काची वहिवाट त्यांनी बदलली नाही. मुंबईच्या न्यायालयात १८४७ मध्ये या दोन्ही जमातींतील मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या इस्टेटीत वाटा मागितला, तेव्हा सर अर्स्किन पेरी यांनी रूढी श्रेष्ठ ठरविली आणि मुलींचे दावे फेटाळले. मुसलमान मुली कुराणाचा आधार घेऊन वाटा मागत आहेत आणि इंग्रज न्यायाधीश त्यांना हिंदू रूढी ऐकवीत आहे, असा हा प्रसंग. कच्छी मेमनांना संपूर्णपणे शरीयतीचा वारसा-कायदा लागू व्हावयास १९३८ साल उजाडावे लागले.

खोजांचा खटला याहून विलक्षण. इराणातील कर्मानच्या मुलुखात शहाविरुद्ध उठाव करून अपयशी झालेले पहिले आगाखान १८४० च्या दशकात मुंबईस आले. खोजांचे इमाम म्हणून दूर इराणात त्यांच्या घराण्यास नजराणे पोचत होतेच. पण इमाम स्वतः येऊन उंबरठ्यावर उभे राहिले, तेव्हा जमातखान्याची मालमत्ता कोणाची आणि जमातीतून कोणास काढावे व कोणास ठेवावे याचा अधिकार कोणाचा, असे प्रश्न उभे राहिले. येथे मागून आलेला पाहुणा म्हणजे खुद्द इमामच होता. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी १८६६ साली इस्माइलींचा इतिहास, पीर सद्रुद्दीन यांचा धर्मप्रचार आणि खोजांचे गिनान, म्हणजे भक्तिपदे, हे सारे तपासून निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. त्यानंतर काही खोजे सुन्नी राहिले, काही पुढे इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे शिया, झाले. जमातीने स्वतःविषयी जे कधी स्पष्ट ठरविले नव्हते, ते न्यायालयाच्या ठरावाने ठरले. आणि आपला समाज कोण, याचे उत्तर कज्जेदलालीच्या कागदांतून शोधण्याची जी सवय पुढे साऱ्यांनाच लागली, तिचा आरंभ येथून झाला, असे मला वाटते. डोंगरीतील इराण्यांची निळ्या फरशांची मोगल मशीद याच काळातली, १८६० ची. मुंबईकरांनी ‘मोगल’ हे नाव दिल्लीच्या बादशहांकडून काढून शिराझच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकले, त्याला कोणीही हरकत घेतली नाही.

परंतु या संग्रहातील सर्वांत मोलाचे लेख कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी विणकरांवरील लेखांकडे बोट दाखवीन. अवधमधून, अलाहाबाद, बनारस, आझमगड, मऊ या भागांतून हे मोमीन विणकर १८५७ नंतरच्या दशकांत दक्षिणेकडे सरकले. बंडानंतरच्या दडपशाहीने आपल्याला देशोधडीला लावले, अशी त्यांची परंपरा सांगते. इतिहास त्याला मँचेस्टरच्या कापडाची, दुष्काळांची आणि पुढे आगगाडीची जोड देतो, आणि दोन्ही एकमेकांस मारक नाहीत. वाट मुंबई-आग्रा रस्त्याची. याच रस्त्यावर धुळे, मालेगाव आणि भिवंडी आहेत; बुऱ्हाणपूर वाटेवरून फार दूर नाही; आणि रस्त्याच्या अखेरीस मुंबईतला मदनपुरा. ज्या मालेगावात अर्ध्या शतकापूर्वी अरबांच्या तोफा वाजल्या होत्या, तेथे आता धोटे वाजू लागले.

घरातच खड्ड्याचा माग; विणकर जमिनीलगत बसून पाय खड्ड्यात सोडी आणि पावड्या चालवी; शेजारच्या सोप्यात बायका आणि मुले कांड्या भरीत. सूत गुजराती-मारवाडी व्यापाऱ्याकडून उधार, आणि विणलेला माल त्याच्याच गादीवर. हा माल म्हणजे काय? तर मराठी कुणबिणीचे, मजुरणीचे रंगीत नऊवारी लुगडे. पूरबी बोलणारा, उर्दू वाचणारा, अवधमधून पायी आलेला मुसलमान कारागीर खानदेश-वऱ्हाडच्या बाईला कोणत्या रंगाचे अंग आणि केवढा काठ लागतो, हे तिच्या नवऱ्यापेक्षा अधिक जाणत होता. त्याच्या हातचे वस्त्र शेताशेतांतून फिरले, तरी तो स्वतः मोहल्ल्याबाहेर फारसा पडला नाही, आणि लुगडे नेसणारीला ते कोणी विणले याची दाद नव्हती. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले, मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही येऊन बसले, आणि गावाची रात्रही खडखडाटाने भरली. मालेगावात तो खडखडाट शुक्रवारी थांबतो.

हातमागाचे यंत्रमाग होत असताना या समाजाने आपले नावही बदलले. जुलाहा या शब्दात जी हेटाळणी होती, ती उच्चकुलीन मुसलमानांनीच त्यात भरली होती. म्हणून त्यांनी मदिनेतील अबू अय्यूब अन्सारी यांच्याशी नाते जोडून अन्सारी हे नाव धारण केले. कोकण्याने अरबी तारू सांगितले, विणकराने मदिनेचा अन्सार सांगितला; गरज एकच. याच अन्सारींच्या मोमीन कॉन्फरन्सने मुस्लिम लीगच्या पाकिस्तानच्या मागणीस विरोध केला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी ठळकपणे सांगितली नाही.

भिवंडीत या नव्यांची गाठ जुन्यांशी पडली. भिवंडी हे कामवारीच्या काठचे जुने गाव कोकणी मुसलमानांचे : जमीनजुमला त्यांचा, भाताचा आणि लाकडाचा व्यापार त्यांचा. विणकर आले ते भाडेकरू म्हणून. मशिदी वेगळ्या, कब्रस्ताने वेगळी, लग्ने आपापल्यात; एक शाफई, दुसरा हनफी; एकाचा भात आणि मासळी, दुसऱ्याची रोटी आणि डाळ. बाहेरच्या माणसाला, विशेषतः दंगलीच्या बातम्यांतूनच ज्याला हे गाव ठाऊक आहे अशाला, तेथे एकच समाज दिसतो. गावात मात्र कोकणी सोयरिकीस अन्सारी चालेल का, या प्रश्नावर घरोघर वाद झाले, आणि पुष्कळ काळ त्याचे उत्तर नकारार्थीच राहिले.

फाळणीने मेमन-खोजांची अनेक घरे मुंबई आणि कराची अशी दुभंगली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील खेड्यांतून कित्येक कुटुंबे शहरांच्या आश्रयास आली. या स्थलांतरांवर संग्रहात दोन लेख आहेत, आणि त्यांत जे भोगणे आले आहे त्याचा सारांश प्रस्तावनेत करू नये असे मला वाटते. तिसरे स्थलांतर १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतरचे. ठाण्याच्या खाडीकाठचे मुंब्रा हे आगरी आणि कोकणी मुसलमानांचे लहानसे गाव. मिश्र वस्तीत राहण्याची ज्यांना धास्ती वाटू लागली ते मुंबईच्या नाना भागांतून तेथे आले, आणि काही वर्षांत डोंगर आणि खाडी यांमधील चिंचोळ्या पट्टीत शहर उठले. तेथील एखाद्या इमारतीच्या जिन्यावरच्या पाट्या वाचल्या तर तळमजल्यावर परकार, वर अन्सारी, त्यावर शेख, मग खान, मग तांबोळी अशी नावे लागतात. कोकणी जमात, मेमन जमात, मोमीन जमात यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे अंतर राखले, ते भीतीने आणि घरभाड्याच्या हिशेबाने एका जिन्यात आणून ठेवले. पाण्याच्या टँकरसाठी भांडणाऱ्या आणि वर्गणी काढणाऱ्या या शेजाऱ्यांच्या मुलांची लग्ने आता एकमेकांत होऊ लागली आहेत. जुन्या कोकणी मुंब्रेकरांना हे सारे ‘बाहेरचे’ लोक वाटतात, हे सांगणे नलगे.

लेखकांनी आणि संपादकांनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. पण स्तुतीपुरतीच प्रस्तावना लिहिण्याचा शिरस्ता मला मान्य नाही, म्हणून एक उणीव नोंदवितो. या संग्रहातील स्थलांतर करणारा माणूस जवळजवळ सर्वत्र पुरुष आहे. तो तारवात बसतो, फौजेत भरती होतो, माग खांद्यावर टाकून आग्रा रस्त्याने चालतो, दुबईस जातो. मागे राहिलेल्या कोकणी बाईने तीस-तीस वर्षे शेताचा वहिवाटदार, मुलांचा पालक आणि पैशाचा कारभारी अशी तिन्ही कामे केली; मालेगावच्या बाईने कांड्या भरल्या नसत्या तर माग चालला नसता; आणि लग्न होऊन परक्या गावी जाणारी प्रत्येक मुलगी आपल्याबरोबर माहेरची बोली आणि माहेरचे कालवण घेऊन गेली, म्हणजे स्थलांतर तिनेही केलेच. तिच्यासाठी दफ्तरांत फारसे काही सापडणार नाही. त्यासाठी घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायकांशी बोलावे लागेल, त्यांची लग्नगीते आणि त्यांचे हिशेब उतरून घ्यावे लागतील, आणि ते काम स्त्री-संशोधकांनीच करणे श्रेयस्कर. दुसऱ्या आवृत्तीत संपादकांनी या विषयाची पाच-सहा लेखांनी भर घालावी, आणि त्यासाठी प्रकाशकांनी पृष्ठसंख्येची काटकसर करू नये, अशी माझी दोघांसही विनंती आहे.